ओल्या लिंबाची चौकट

कोल्हारला प्रवरेच्या अंगाला गहिनीनाथ सुताराचं दुकान. त्याच्या हातच्या चौकटींतून निम्म्या गावाच्या नवऱ्या माप ओलांडून आत गेल्या. आता सत्तरी गाठली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि हाताशी आलेला मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. मागं राहिली सून, दिपाली. तीच एके दिवशी म्हणाली, "मामा, दुकान बंद करू नगा. मला शिकवा."

"बाईमानसाचं काम न्हाई ते."

"मग आना कुठून तरी बाप्या!"

म्हातारा लई दिवसांनी हसला.

त्यानं सगळी सुतारकी तीन बोलांत सांगितली. लाकूड वाळू दे. हत्याराची धार रोज बघ. आणि काटकोन डोळ्यानं नको, गुण्या लावून ताड. "चौथं काय न्हाई. बाकी समदी हमाली." वाळलेलं लाकूड ठोकलं की खणकतं, ओलं घशातल्या घशात बोलतं. पण तो आवाज कानात मुरायला वर्षं जातात.

दिपालीचा हात लवकर बसला. काम मात्र कुणी देईना. बाईनं केलेल्या चौकटीवर गावाचा भरवसा नव्हता. अखेर केशरबाई आली. तिचं नवं घर उठत होतं. बांधावरचा कडुलिंब पाडून चार-पाच महिने झालेले, वरून वाळलेला दिसत होता. चौकट घरच्याच झाडाची पाहिजे, आणि चौकट बसवायचा मुहूर्त तीन आठवड्यांवर.

गहिनीनाथानं ओंडका ठोकला. आवाज जड आला. नाही म्हणावं, तर सुनेचं पहिलंच काम जाणार, आणि दुसरं कधी येईल कोण जाणे.

"चालंल ना, मामा?" दिपालीनं विचारलं.

"चालंल."

सांधे असे बसले की नख शिरेना. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, लोकांनी वाखाणलं.

मग ऊन तापलं आणि चौकटीची उभी बाजू पिळली. दार लागेना. केशरबाई दुकानापुढं येऊन कडाडली, "बाईच्या हातचं काम, दुसरं काय व्हनार!"

"तिची चूक न्हाई, केशरबाई. लाकूड ओलं हुतं. मीच व्हय म्हनलो."

"सुनंवर पांघरून घालता व्हय, नाना? घाला, घाला!" ती बोलत बोलतच रस्त्याला लागली. पार वळणापर्यंत ऐकू येत होतं.

दिपालीनं हातातला रंधा खाली ठेवला.

"ओलं हाय, हे तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"मी इचारलं हुतं, मामा."

तिनं रंध्याचं पातं काढलं, पुसलं, तेल लावलं आणि फडक्यात घट्ट गुंडाळलं. उद्या लागणारं हत्यार कुणी असं गुंडाळत नाही. त्या धुरकट डोळ्यांनाही तेवढं दिसलं.