पहिल्या रविवारचा चहा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, मैत्रिणीला नाही, आणि ज्या शेडात आम्ही एकमेकांसमोर उभं राहून आपापल्या चुकांची साक्ष देतो, तिथंही नाही. तिथं मी बऱ्याच बारीकसारीक गोष्टी कबूल केल्या आहेत — राग, हेवा, कुणाच्या मागे बोललेलं वाकडंतिकडं. लोक डोळे पुसतात. हे मात्र — हे ओठांशी येतं आणि परत जातं.

आधी एक सांगून टाकते, गैरसमज नको. चर्च सोडून मी शेडात जायला लागले, हा माझा गुन्हा नाही. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. आमच्या दगडी चर्चमध्ये माझा जीव कधी रमलाच नाही. ठरलेली बाकं, ठरलेली गीतं, आणि कुणी कोणती साडी नेसली याची मागच्या बाकावर चाललेली कुजबुज. माझे वडील तिथं चाळीस वर्षं घंटा वाजवत होते, त्यामुळे मी कायम ‘घंटावाल्या बाबांची सुशीला’. शेंद्र्याला आमच्या कंपनीतल्या एकानं घरामागच्या पत्र्याच्या शेडात रविवार सकाळची भक्ती सुरू केली होती. सतरंजीवर बसायचं, ढोलकीवर गायचं, ज्याला बोलावंसं वाटेल त्यानं बोलायचं. उपदेश करणारा पाळक नाही, व्यासपीठ नाही. पहिल्याच दिवशी मी तिथं हमसून हमसून रडले आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

त्याचं आमंत्रण खरं तर कधीचं होतं. पण बाबा त्या लोकांना ‘टाळ्यावाले’ म्हणायचे. “टाळ्या पिटल्यावर देव येतो व्हय?” त्यांना स्कूटीवर मागे बसवून दर रविवारी चर्चला न्यायचं काम माझं. मग बाबा न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळले. मी रडले, धावपळ केली — आणि आतून मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते.

बाबांची समजूत, मी चर्चलाच जाते. दुपारी घरी आले की विचारायचे, “आज काय बोलले नवीन पाळकसाहेब?” नवे पाळक बाबा पडायच्या थोडंसं आधी बदलून आले होते. मी सांगायचे. घरी येताना चिकलठाण्याच्या सिग्नलला स्कूटी थांबली की तेवढ्यात माझा उपदेश तयार व्हायचा — एखादं वचन, एखादा दाखला, शेवटी थोडा धाक. बाबा डोळे मिटून ऐकायचे. “लई भारी बोलतो हा माणूस,” म्हणायचे. मला हसू यायचं. खरंच, मजा वाटायची.

तिकडून पाळकसाहेबांचा फोन यायचा. बाबांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून माझ्याच फोनवर. “ताई, तुम्हीही दिसत नाही?” मी म्हणायचे, “बाबांना एकटं सोडून कशी येऊ?” म्हणजे बघा — बाबांच्या लेखी मी चर्चमध्ये, चर्चच्या लेखी बाबांच्या उशाशी. आणि मी तिसरीकडेच, सतरंजीवर. बाबांकडं तेवढा वेळ शेजारच्या वहिनी बघायच्या.

इथपर्यंत नुसती लबाडी होती. तुम्ही हसून सोडूनही दिली असती. पण पुढचं —

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षारस. जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी पाळक उपासनेनंतर स्वतः ते घेऊन जातात. घरच्यांनी फक्त कळवायचं. बाबांनी मला कळवायला सांगितलं. मी म्हटलं, कळवते.

कसं कळवणार? पाळकसाहेब आले असते, बाबांनी त्यांचा हात धरून मागच्या रविवारच्या उपदेशाचं कौतुक केलं असतं, आणि त्या बिचाऱ्याला तो उपदेश ठाऊकच नसता. एका मिनिटात सगळं उघडं पडलं असतं. म्हणून पाळकसाहेबांनीच जेव्हा विचारलं, बाबांसाठी प्रभुभोजन घेऊन येऊ का, तेव्हा मी म्हणाले, “नको साहेब. बाबांना आता कुणी आलेलं आवडत नाही. त्यांनीच सांगितलंय.” चर्चमधली दोन-चार म्हातारी माणसं चौकशी करायची, त्यांनाही हेच सांगितलं.

पहिल्या रविवारी बाबा सकाळी लवकर उठून माझ्याकडून दाढी करून घ्यायचे. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. खाटेजवळच्या स्टुलावर आईनं विणलेला रुमाल. प्रभुभोजनाआधी तोंडात काही घालायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम, चहाचा घोटसुद्धा नाही. मी एक वाजता परत यायचे तेव्हा ते तसेच उपाशी, दाराकडं बघत. दोनच्या सुमाराला मी म्हणायचे, साहेबांना अचानक बाहेरगावी जावं लागलं. पुढच्या महिन्यात साहेबांना ताप. त्याच्या पुढच्या महिन्यात कुणाची तरी मयत. “बरं, मग चहा टाक,” एवढंच म्हणायचे.

असे सात रविवार.

सातव्या वेळी मी कारण सांगायला लागले तर त्यांनीच हात वर केला. “असू दे गं. मंडळी इसरली मला.” मग म्हणाले, “मी उपासनेआधीची दुसरी घंटा जराशी लांबवायचो. कुणी वाटंत असंल तर त्याला गाठता यावं म्हणून.” रडले नाहीत. चहाही मागितला नाही. मी केला तो स्टुलावर तसाच गार झाला.

तेव्हा तरी? फोन हाताशी होता. चर्च वीस मिनिटांवर. त्यानंतर बाबा अकरा दिवस होते. अकरा दिवस मी काय करत होते? कामावर जात होते, औषधं देत होते, मधल्या रविवारी शेडात टाळ्या वाजवत होते.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. पाळकसाहेब म्हणाले, “शेवटच्या काळात त्यांना एकांत हवा होता. आपण सर्वांनी त्यांच्या इच्छेचा मान राखला.” लोकांनी माना हलवल्या. मी पहिल्या बाकावर होते. नुसतं उभं राहायचं होतं — शेडात राहतेच की दर आठवड्याला! मी पदर सारखा केला आणि गीताचं पुस्तक उघडलं.

अजूनही मी शेडातच जाते. पूर्वी तिथं देव भेटतोसं वाटायचं. आता नुसती ढोलकी ऐकू येते.

बाबा गेले ते मंडळी आपल्याला विसरली असं मानून. मंडळी विसरली नव्हती. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, दर महिन्याला, न चुकता पाळकसाहेबांचा फोन यायचा — येऊ का? आणि दर महिन्याला मी नको म्हणायचे.