हात न लावायची भिंत

पाकिस्तानातल्या डोंगरांत, कलाश लोकांच्या दरीत, ओढ्याच्या कडेची पायवाट जेमतेम पाऊलभर रुंद होती. आमची गाइड झरीना तिथलीच. मला 'बाजी' म्हणजे ताई म्हणायची. ती पुढे चालत होती. माझा पाय सरकला आणि आधारासाठी हात बाजूच्या घराच्या भिंतीकडे गेला.

"बाजी, हात लावू नका!" ती ओरडली.

ते घर गावातल्या बायकांचं होतं. पाळीत आणि बाळंतपणात त्या तिथे राहतात. भिंतीला शिवलं, तर आंघोळ केल्याशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही, हे तिनं सकाळीच बजावलं होतं.

हात हवेतच थांबला. खाली पाणी गर्जत होतं, पण काळजात धस्स झालं ते पाण्यामुळे नाही. तेराव्या वर्षी मी मागच्या दाराशी गोणपाटावर बाजूला बसले होते. चुकून लोणच्याच्या बरणीकडे हात गेला आणि काकू अशीच ओरडली, "शिवू नकोस!" इतक्या वर्षांत मी ते पार विसरले होते. हात विसरला नव्हता.

भिंतीपलीकडून बायकांचं हसणं ऐकू आलं. आत त्या बऱ्याच जणी असाव्यात. गोणपाटावर मी एकटीच होते.

पाय पुन्हा सरकला. आता गेलेच, असं वाटलं. झरीना मागे वळली, पाय रोवून उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला.

"मला धरा."

मी नखं रुतेपर्यंत धरला.

काकूनं तेव्हा बरणी उचलली होती आणि आत नेली होती.