गोधडीवरचं कोडं

पडदा वर जातो. चौसाळ्यातलं एक अंगण, लिंबाची गार सावली, मधोमध अर्धी शिवलेली गोधडी आणि तिच्याभोवती सात बायका. मधल्या जागी सारजाबाई. निजामी अमलातलं एकोणीसशे पस्तीस साल.

सारजाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण कोडं घालावं तर त्यांनीच. सून गीताबाई माहेरी चार बुकं शिकलेली. तिनं एकदा पुड्याच्या कागदावर छापलेलं शब्दकोडं दाखवलं. उभ्या-आडव्या चौकटी पाहून सारजाबाई ओरडल्या, "अगं, ही तर गोधडीच हाय!"

त्या दिवसापासून ठिगळांचे त्रिकोण-चौकोन बघून सारजाबाई कोडी रचायच्या. गीताबाई उत्तराची अक्षरं कोळशानं ठिगळांवर काढायची, आणि जिला उत्तर आलं तिनं ती दोऱ्यानं भरायची. सहा महिन्यांत अख्खी गल्ली वाचू लागली.

मग कुणीतरी चुगली केली. परवान्याशिवाय शाळा चालवायला मनाई होती. एका दुपारी पोलिसांचे अमीनसाहेब शिपायाला घेऊन दारात उभे राहिले. बायकांनी पदर सावरले. गोधडी जप्त झाली तर शिकणंच संपलं, हे सारजाबाईंना कळत होतं.

"इधर मदरसा चलाते क्या, बाई?"

"न्हाई साहेब, कोडं घालतो. तुमी सोडवा की! तीन कोपऱ्यांचं, माळावर उभं, पोटात अख्खं बिऱ्हाड. चार कोपऱ्यांचा, जेवाया आल्या पाव्हण्याला ह्योच बसवतो. दोघांचं पयलं अक्षर एकच."

"डेरा!" साहेब म्हणाले.

"डेरा तुमच्यावानी मोठ्या लोकांचा. गरिबाचं सांगा."

गोधडीभोवतीच्या वत्सलाबाई फिसकन हसल्या. साहेब चक्क उकिडवे बसले. रिकाम्या ठिगळांवरून बोट आडवं फिरलं, मग उभं.

"पाल... और ये, पाट!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. साहेबही हसले, पण लगेच भुवया चढल्या. "सिखाता कौन है?"

सारजाबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "कोन शिकवंल? आत्ता तुमाला कुनी शिकवलं का?"

साहेब उठत शिपायाला म्हणाले, "लिखो, औरतें गोधडी सीती हैं."

ते वळणाआड गेले तशी गीताबाईनं विचारलं, "आत्याबाई, परत आला तर वो?"

सारजाबाईंनी गोधडी पुन्हा मांडीवर ओढली.

"येऊ दे की. त्यालाबी सुई देऊ."