वांग्याच्या वावरातलं सैपाकघर

नालवाडीच्या टोकाला, जिथे घरं संपून वावरं सुरू होतात, तिथे कुंताबाईंचं घर आहे. त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं, कवेलूच्या छपराचं, आणि आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक. आधी बैठक, मग निजायची खोली, सगळ्यात शेवटी सैपाकघर. नळ मात्र समोरच्या अंगणात आणि नळाजवळच धुण्याचा दगड. कपडे वाळत घालायची दोरी मागच्या अंगणात, कारण घरातले कपडे रस्त्यावरच्या लोकांना दिसू नयेत अशी सासूबाईंची शिस्त होती.

त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून कुंताबाई पाणी घेऊन समोरून मागे जायच्या, खरकटी भांडी घेऊन मागून समोर यायच्या आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन पुन्हा अख्ख्या घरातून मागे जायच्या. बैठकीत पाहुणे असले तर बादली दिसताच ते पाय वर घ्यायचे. नेहमीच्या पाहुण्यांना सांगावंसुद्धा लागत नसे.

कुंताबाई अंगानं लहानखुऱ्या, उंचीनं तर फारच कमी, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या वावरातला माणूस मागे वळावा. नवरा बापूराव आणि त्या मिळून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतात. मुलगा कैलास देवळीला बियाण्याच्या दुकानात कामाला आहे. सून आकांक्षा सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे आणि चांगली उंच आहे. या घरात आल्यावर पहिला महिनाभर ती प्रत्येक चौकटीला कपाळ आपटून घेत होती.

घराची ही रचना कुणाला खुपत नव्हती असं नाही, पण बदलायचं कुणी मनावर घेत नव्हतं. ते घ्यावं लागलं मशीनमुळे. कैलासनं दिवाळीत कपडे धुवायची मशीन आणली. चांगला प्लग फक्त बैठकीत, टीव्हीच्या मागे होता, म्हणून मशीन टीव्हीशेजारी बसली. नळाचा पाइप खिडकीतून आत घेतला आणि घाण पाण्याचा पाइप दारातून बाहेर सोडला. बापूरावांना ही मांडणी फार आवडली. आल्यागेल्याला मशीन दिसायची. त्यांनी तिच्यावर विणलेला रुमाल टाकला आणि वर प्लास्टिकची फुलं ठेवली. कपडे पिळताना मशीन थरथरत पुढे सरकायची, मग बापूराव उठून तिला दोन्ही हातांनी धरायचे आणि मान तिरकी करून बातम्या पाहायचे.

एकदा आकांक्षाचे वडील किसनराव देवळीहून आले. मानाचे व्याही, म्हणून त्यांना चांगली खुर्ची दिली आणि ती खुर्ची नेमकी मशीनजवळ होती. चहा झाला, सोयाबीनच्या भावाची चर्चा सुरू झाली आणि बोलण्याच्या नादात मशीन धरायचं बापूरावांच्या लक्षात राहिलं नाही. मशीन थरथरत किसनरावांच्या दिशेनं निघाली. पाइप ताणला गेला, सुटला आणि साबणाचं पाणी सतरंजीवर पसरलं. किसनराव भला माणूस, त्यांनी सवयीनं पाय वर घेतले. पण दाराशी काढलेल्या त्यांच्या नव्या चपला फेसावर बसून अंगणात गेल्या आणि तिथून नालीकडे वळल्या. कैलास चपलांमागे धावला. किसनराव देवळीला परत गेले ते बापूरावांच्या चपला घालून.

त्या संध्याकाळी घरात ठरलं की आता मागचं सगळं तोडून नव्यानं बांधायचं.

कैलासनं ओळखीच्या एका मुलाकडून मोबाइलवर चित्र करून घेतलं. लालभडक कपाटं, काचेसारखा ओटा आणि टेबलावर एक सफरचंद. सगळ्यांनी पाहिलं. कुंताबाईंनी मोबाइल जवळ धरून पाहिला, मग लांब धरून पाहिला.

"यात मी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

कैलास म्हणाला, चित्रात माणसं दाखवत नसतात.

"मंग बादली कुठं ठेवतात? अन् कणकीचा डबा? अन् थे सफरचंद कोन खाते?"

कुंताबाईंनी मोबाइल परत दिला आणि त्या वावरात निघून गेल्या. वांग्याची जुनी झाडं नुकतीच उपटून काढली होती, तो तुकडा मोकळा पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बापूराव बाजारातून आले तेव्हा त्या तुकड्यात चुलीतली राख टाकून रेघा ओढलेल्या होत्या. निजायची खोली, तिच्यामागे सैपाकघर, त्याच्यामागे कपड्यांची जागा. दारं तेवढी मोकळी सोडलेली. मध्ये विटांची चूल मांडून कुंताबाई भाजी फोडणीला टाकत होत्या.

बापूराव सरळ चुलीपाशी गेले आणि चहा मागितला.

"भिंतीतून आले तुमी," कुंताबाई म्हणाल्या. "दारातून या."

बापूरावांनी खाली पाहिलं. त्यांचा एक पाय राखेवर होता. त्यांनी विचारलं, "कुंता, डोकं ठिकानावर हाय ना?" पण चहा काही आला नाही. मग ते मागे फिरले, रेघेच्या कडेकडेनं गेले आणि मोकळ्या जागेतून आत आले. आत येताना ते किंचित वाकले, असं कैलास शपथेवर सांगतो.

रविवार होता. कुंताबाईंनी फर्मान काढलं की आजचा सैपाक, भांडी, धुणं सगळं या रेघांच्या आतच होईल, म्हणजे कोण कोणाला कुठं अडते ते समजेल. दुपारपर्यंत बरंच समजलं. भांडी घासायची जागा दाराशी ठेवली तर येणारा प्रत्येक जण भांड्यांत पाय घालत होता, म्हणून ती कोपऱ्यात गेली. सगळ्यात जास्त अडचण बापूरावांची होत होती. मीठ कुठं आहे, कप कुठं आहे, हे विचारत ते मध्येच उभे राहात. त्यावर त्यांच्यासाठी दाराला लागून एक कोपरा आखून दिला. तिथं चहा, साखर, कप आणि एक छोटी शेगडी. चहा पाहिजे असेल तर तिथं करायचा, आत यायचं काम नाही. बापूरावांनी आयुष्यातला पहिला चहा त्या दिवशी वावरात केला. तो इतका गोड झाला की सगळ्यांनी पाणी मिसळून प्यायला.

रस्त्यानं जाणाऱ्या तानाबाईंनी हे सगळं लांबून पाहिलं. तानाबाई म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र. राखेचं रिंगण, मध्ये अग्नी आणि बापूराव रिंगणातून उलटे बाहेर पडून पुन्हा आत येताहेत, एवढं त्यांना दिसलं. त्या घरी गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. कुणाची बाधा झाली, असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. कुंताबाईंनी नारळ घेतला, फोडला आणि चटणी वाटायला घेतला. खरा प्रकार समजल्यावर तानाबाई तर गेल्या नाहीतच, उलट गल्लीतल्या आणखी बायका आल्या. प्रत्येकीनं दारातून आत येऊन, वळून, वाकून पाहिलं आणि आपलं मत दिलं.

खरा पेच ओट्याचा पडला. गवंडी गजेंद्र तोवर येऊन पोचला होता. तो म्हणाला, ओट्याची उंची सगळीकडे एकच असते, तुम्ही काळजी करू नका. पण कुंताबाई म्हणाल्या, सुनेच्या मापानं बांध. आकांक्षा म्हणाली, आईंच्या मापानं बांधा. दोघी एकमेकींना एवढा मान देऊ लागल्या की ते भांडणासारखं ऐकू यायला लागलं. शेवटी गजेंद्रनं विटा रचल्या. कुंताबाईंच्या मापाला आकांक्षानं पोळ्या लाटल्या आणि कंबर धरून उभी राहिली. आकांक्षाच्या मापाला कुंताबाईंनी भाजी ढवळली आणि कढईत काय चाललंय ते पाहायला विटेवर चढल्या. तेव्हा ठरलं की ओटा दोन उंचींचा होईल, अर्धा हिच्यासाठी, अर्धा तिच्यासाठी.

गजेंद्र म्हणाला, "काकू, ओट्याले पायरी ठेवली तं लोक मले हासतीन."

"लोक ओटा पाहाले येतात का जेवाले?"

उन्हं उतरल्यावर सगळे तिथंच बसले होते. गजेंद्रनं विचारलं, अजून काही राहिलं का. कुंताबाईंनी ओट्यासमोरच्या रेघेपलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एक खिडकी पाह्यजे. वावराकडे." आणि पुढे म्हणाल्या, "एवढे दिवस मी भिंतीकडे तोंड करून सैपाक केला. वावरात कोन आलं, कोन गेलं, मले कधी दिसलंच नाई."

बापूराव उठले, काडी घेतली आणि ओट्यासमोरच्या रेघेवर स्वतः खिडकी आखली. चांगली रुंद आखली.

मागचं घर तोडलं तेव्हा सैपाक वावरातच चालला, वर ताडपत्री बांधून. काम सुरू असताना कुंताबाई एका लग्नासाठी देवळीला गेल्या आणि त्याच दिवशी गजेंद्रचा हात सवयीवर गेला. त्यानं सगळा ओटा एकसारखा उंच बांधून टाकला. आकांक्षा ड्यूटीवरून आली तेव्हा सिमेंट ओलं होतं. ओटा नेमका तिच्या मापाचा होता. गजेंद्रनंच मला पुढे सांगितलं की ती तिथं उभी राहिली, दोन्ही हात टेकवून पाहिले आणि म्हणाली, "लय छान झाला. आता अर्धा तोडा. आईले कढईत दिसनार नाई." संध्याकाळच्या आत त्यानं तोडून पुन्हा बांधला. कुंताबाई परतल्यावर त्यांनी ओल्या सांध्यावर बोट फिरवलं आणि इथं काय झालं म्हणून विचारलं. आकांक्षानं सगळा दोष सिमेंटवर ढकलला.

आता मागच्या दाराबाहेर टिनाच्या छपराखाली नळ आहे, मशीन आहे आणि तिच्याजवळ तो जुना धुण्याचा दगडही आहे, कारण गोधडी मशीनला कळत नाही असं कुंताबाईंचं मत आहे. दोरी तिथंच वर. पाणी अळूच्या वाफ्यात जातं आणि अळू इतका माजलाय की गल्लीत सगळ्यांकडे वड्या होतात. बैठकीतले पाहुणे आता पाय खाली ठेवून बसतात.

गजेंद्रला कुणी हसलं नाही. उलट लोक ओटा पाहायलाच यायला लागले, आणि त्याला कामं मिळाली. नवीन काम मिळालं की तो कुंताबाईंना सोबत नेतो. त्या चांगलं लुगडं नेसून, पिशवीत राख घेऊन जातात. मागच्या आठवड्यात त्या स्टेशनकडच्या एका घरी गेल्या होत्या. घरमालकानं मापं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"तुमच्या घरी कपडे कोन धुते?"

"मशीन हाय ना," तो म्हणाला.

"अन् मशीनीतून काढून दोरीवर कोन टाकते?"

त्यानं वळून आतल्या दाराकडे पाहिलं. तिथं उभी असलेली त्याची बायको बाहेर आली, एक खुर्ची ओढून घेतली आणि कुंताबाईंसमोर बसली.