प्राचीचा खरवस आणि माझं निळं कडं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे माझी कीव करावी लागेल!

मी गुरांचा डॉक्टर. पण सुई टोचणारा नव्हे. गुरांच्या रोगांसाठी ज्या तपासण्या करतात ना, त्या कितपत खरं बोलतात यावर माझं संशोधन. म्हणजे तपासण्यांची तपासणी! चारकोपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये याचं सरळ भाषांतर झालंय: म्हशीचा डॉक्टर. आणि हा म्हशीचा डॉक्टर उठता-बसता एकच प्रवचन झोडतो, “बाबांनो, एका तपासणीवर निकाल लावू नका. तपासणीसुद्धा खोटी बोंब मारते!”

हे वाक्य लक्षात ठेवा हं. माझ्या नाही राहिलं.

माझी धाकटी बहीण प्राची बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना, पण पोटात अन्न ठरेना. पेज उलटायची, सोलकढी उलटायची. चेहरा एवढासा झालेला, बघवत नव्हतं. डोहाळा मात्र एकच. खरवस! तोही पाकिटातली पावडर ढवळून केलेला नाही, खऱ्या चिकाचा. आईने आमच्या दूधवाल्या रामसुरतजींच्या मागे धोशा लावला. त्यांचा तबेला जोगेश्वरीला. अखेर त्यांची म्हैस व्याली आणि रविवारी सकाळी चिकाची किटली घरात आली. प्राची इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली.

आई गूळ चिरायला बसली. सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात प्राचीचा नवरा, निखिल, मला म्हणाला, “दादा, तुम्ही नक्की करता काय हो?”

संपलं! हा प्रश्न मला कधीच कोणी विचारत नाही ना यार!

सोमवारी विद्यार्थ्यांना दाखवायची म्हणून एका तपासणीची बाटली मी घरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, कोकमाच्या आगळाशेजारी. ती काढली. “हे बघ निखिल. गुरांना एक रोग होतो, त्यात त्यांचा गर्भ पडतो. कच्च्या दुधातून माणसालाही होतो. आता कच्च्या दुधात या निळ्या औषधाचा थेंब टाकायचा आणि नळी कोमट पाण्यात तासभर ठेवायची. वर साय पांढरी आली तर ठीक. सायीचं कडं निळं झालं, तर रोगाचा संशय!”

पण कच्चं दूध आणायचं कुठून? रोजचं दूध आईने उठल्या उठल्या तापवलेलं. घरात कच्चं असं एकच होतं, किटलीतला चीक. घेतला चमचाभर.

तासाभराने, आई खरवस लावायच्या बेतात असताना, नळी उजेडात धरली. निळं कडं. गडद, ठसठशीत निळं!

समोर माझी गरोदर बहीण हातात चमचा घेऊन बसलेली! प्रवचन गेलं खड्ड्यात. मी ओरडलो, “कोणी हात लावू नका!” आणि अख्खी किटली मोरीत उपडी केली.

“दादाऽऽ!” प्राची हमसून हमसून रडायला लागली. “माझा खरवस!”

“मेल्या, काय केलंस ह्यां?” आई पातेलं सोडून धावली.

“आई, म्हशीला रोग आहे! रामसुरतजींचं दूध अजून कोण घेतं?”

आईने वरच्या सावंतकाकूंना फोन लावला. काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. पुढच्या पाच मिनिटांत अख्खी बिल्डिंग दूध ओतायला लागली. तळमजल्यावरच्या एका आजोबांना तर घाम फुटून तापच भरला. कोणीतरी लिहिलं, ‘नवीन व्हायरस, चारकोपमध्ये सुरुवात.’ वाट लागली!

कोणीतरी रामसुरतजींनाही कळवलं असणार, अर्ध्या तासात ते मोटारसायकल दामटत आले. डोळ्यांत पाणी. “डॉक्टर साब, मेरी भैंस को क्या हुआ? सुबह तो अच्छी थी!”

मी भारदस्त चेहरा करून म्हटलं, “घबराओ मत, मैं देखता हूँ,” आणि माझ्या मॅडमना फोन लावला. माझ्या मार्गदर्शक. मॅडम कधी आवाज चढवत नाहीत, तेच जास्त लागतं.

“मॅडम, कडं एकदम गडद आहे!”

“बरं. दूध कशाचं?”

“म्हशीचं.”

“ते कळलं रे. व्याली कधी?”

“परवा...” असं म्हणालो आणि कपाळावर हात मारला.

चीक! चिकावर ही तपासणी करायचीच नसते. निरोगी म्हशीच्या चिकातही निळं कडं येऊ शकतं. हे जगाला कोणी ओरडून सांगितलंय? मीच. माझ्याच निबंधात, ठळक अक्षरांत!

मॅडम एवढ्यावर थांबल्या नाहीत. “आणि काय रे, तुम्ही खरवस कच्चा खाता?”

खरवस वाफेवर उकडतात हो! त्या वाफेत कसला जंतू टिकतोय? म्हणजे कडं खरं असतं, तरी उकडलेला खरवस प्राचीने बिनधास्त खाल्ला असता. एका सकाळी माणसाने किती गाढवपणा करावा!

रामसुरतजींचे हात धरून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या म्हशीचं रक्त रीतसर तपासून घेतलं. ठणठणीत निघाली. ग्रुपवर माफीनामा टाकला, त्यावर हसून रडणाऱ्या तोंडांचा नुसता पाऊस.

आणि रामसुरतजींचं मन बघा! आठवड्याने दुसरी म्हैस व्याली, तर भलामोठा डबा भरून चीक घेऊन आले. आईने मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि खरवस केला. प्राचीने पोटावर ताटली ठेवून तीन वड्या खाल्ल्या. तिन्ही पोटात राहिल्या! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, डोळेच भरून आले. मी एका वडीकडे हात नेला, तर तिने ताटलीच झाकली. “तू नको. ओतून देशील.”

शिक्षा म्हणून दूध ओतलेल्या प्रत्येक घरी खरवस पोचवायचं काम माझ्याकडे आलं. शेवटी सावंतकाकूंचं दार. काकूंनी वाटी हातात घेतली, उजेडात धरून खालून-वरून पाहिली.

“तपासलंस मा रे?”

मी छाती फुगवून म्हटलं, “काकू, चिकावर ती तपासणी करतच नाहीत. खोटी येते. एकदम साधी गोष्ट आहे, पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असते!”

काकूंनी गालावर हात ठेवला.

“अरे बाबू, मगे ह्यां तुका त्या दिवशी कोणीच कसा सांगूक नाय?”