शेवटच्या पानावरचं बाळ

निवृत्तीआधी काही वर्षं मी गावोगावच्या आशाताईंसाठी निघणारं एक आरोग्य मासिक सांभाळत होतो. मजकूर जमवायचा, सोप्या भाषेत लिहायचा, छापून आलेले गठ्ठे आरोग्य केंद्रांवर पाठवायचे. शेवटच्या पानावर एखाद्या ताईचा अनुभव असे, तिच्या फोटोसकट. त्या पानाची रीत मी घातली होती. शेवटी बाळ-बाळंतीण सुखरूप असलीच पाहिजेत. मरणाचं वाचलं तर बायका हबकतील, असं मी सगळ्यांना सांगायचो.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढच्या एका गावातल्या ताईचं पत्र आलं. कमी वजनाचं बाळ अंगावर पीत नव्हतं, पाय गार पडले होते. आदल्या भेटीतही ते सुस्त होतं, पण झोपेत असेल म्हणून मी परत आले, असं तिनं स्वतःहून लिहिलं होतं. बाळाला छातीशी धरून ती त्याच्या आईसोबत जीपमध्ये बसली. हिंगोली यायच्या आत बाळ गेलं.

मी आदल्या भेटीचं वाक्य काढून टाकलं आणि शेवट बदलला, 'बाळ आज गुटगुटीत आहे.' तिला विचारलंही नाही. बाकीच्या ताईंना खरं उपयोगाचं होतं ते काढलेलंच वाक्य, हे मला तेव्हाही कळत होतं.

गावात अंक अंगणवाडीतल्या बैठकीत मोठ्यानं वाचतात. मदतनीस वाचत होती आणि बाळाची आई समोर बसलेली. ती मधूनच उठून गेली. तेव्हापासून त्या घराचं दार ताईला बंद झालं.

ताई अंक घेऊन माझ्या टेबलापाशी आली. आरडाओरडा केला नाही.

"सर, लेकरू तर गेलं होतं. तुमी जितं काहून केलं?"

पुढच्या अंकात दुरुस्ती छापा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी म्हणालो, मासिकाची अब्रू जाईल, तुम्ही गप्प राहा, लोक विसरतील. पण आमच्या खात्याच्या साहेबांना ते पान फार आवडलं. प्रशिक्षणात ताईनं तो अनुभव सांगावा असं ठरलं. छापलंय तसंच सांगा, असं मी तिला बजावलं. आधी हिंगोलीत, मग वसमतला, मग आणखी कुठं कुठं. गुटगुटीत बाळापाशी आली की ती माइककडे बघायची. टाळ्या वाजायच्या. मीही वाजवायचो.

यंदा तिला फोन केला. ऑफिसात जाऊन सगळं खरं सांगतो म्हणालो. ती हसली.

"आता सांगून मलाच अडकवता काय? म्हणतील, इतके दिवस स्टेजवर काय सांगून राहिली होतीस? अजून नोकरी आहे माझी."

मग म्हणाली, त्या घरी तेवढं सांगा. तिच्या नोकरीला धक्का नको, म्हणूनच या लिखाणात कुणाचं नाव नाही.

मी गेलो. बाळाची आई अंगणात हळद पसरत होती. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ताई स्वतः का बोलली नाही, असं तिनं विचारलं.

"मी तिला गप्प बसवलं," मी म्हणालो.

तिनं हात झटकले, पदरानं कपाळ पुसलं.

"तिला येऊ द्या," ती म्हणाली. "तुमी नका येऊ परत."