पाठीचं तेल

सव्वा महिना भरला आणि मला नाशिकला न्यायला सायखेड्याला गाडी आली. आईने माझे कान रुमालाने असे आवळून बांधले होते, की नवरा काय म्हणतोय ते फक्त ओठांवरून कळत होतं. भाकरतुकडा ओवाळून टाकून झाला. मांडीवर बाळ, शेजारी डिंकाच्या लाडवांचा डबा, पायाशी तेलाची बाटली. आई खिडकीत वाकून म्हणाली, "पाठीला रोज लाव. पाठ धरली तर जन्मभर सुटत नाय." गोदावरीच्या पुलावर मी मागे वळून पाहिलं. घर दिसत नव्हतं. आई गोठ्याकडे वळली असणार, गाई थोड्याच थांबतात.

आपल्या गावचे तुम्ही कुणी पुण्याला गेलात, कुणी दुबईला. तुमचं जाणं सगळ्यांनी मनावर घेतलं. माझ्या जाण्याला कुणी जाणं म्हणतच नाही. नाशिक काय, हाकेच्या अंतरावर! गावात राहिलेल्यांनी एकदा हाक मारून बघावी.

माहेरी आई आणि शेजारची काकू मिळून मला न्हाऊ घालायच्या. दोघींचे चार हात पाठीवर, वरून कढत पाणी, मग खाटेखाली शेगडी आणि ओवा-शेपाची धुरी. मी सारखी कुरकुरायचे. घाम येतो, केसांना वास येतो, पुरे आता. काकू हसून आणखी एक तांब्या ओतायची.

नाशिकला आमचा फ्लॅट अंबडकडे, चौथ्या मजल्यावर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तेल लावायचं सकाळी न्हाण्याआधी, आणि नवरा पहाटेच पहिल्या शिफ्टला गेलेला. दार उघडं ठेवून, कान बाळाकडे लावून मी अंगावर चार तांबे ओतून घ्यायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वतःकडे लक्ष द्या. कधी, ते विचारायचं राहून गेलं. बाळ रडायचं, मग मीही रडायचे. बाळ थांबायचं, माझं चालूच राहायचं. दिवसभरात मोठ्या माणसाशी बोलणं म्हणजे दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर जास्त" एवढंच.

संध्याकाळी आईचा फोन यायचा. लाडू खाल्ला? हो. पोट बांधलं? हो. पाठीला लावलं? हो. खांद्यावरून हात घातला, कमरेकडून घातला, तरी मधली वीतभर जागा कोरडीच राहायची. पण नाही म्हटलं असतं तर तिचा जीव तिथे तुटला असता. द्राक्षबागेची छाटणी, दादांचे, म्हणजे वडिलांचे, दुखरे गुडघे, गाई, हे सगळं टाकून ती येणार कशी?

एके दिवशी पाठ इतकी भरून आली, की मी स्वतःच धुरी घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी बाळाजवळ धूर नको म्हटलं होतं, म्हणून बाळाला आतल्या खोलीत झोपवून दार लावलं. गॅसवर करवंटी पेटवली, लोखंडी तव्यात ठेवून वर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. सायखेड्यात धूर कौलांतून निघून जातो. इथे तो सरळ जिन्यात गेला. खालीवर दारं वाजली, कुणीतरी आग लागली म्हणून ओरडलं. मी मॅक्सीवर टॉवेल गुंडाळून, डोळे पुसत दारात उभी. लाजेने मेल्यासारखं झालं.

गर्दीतून तिसऱ्या मजल्यावरच्या माई पुढे आल्या. सटाण्याकडच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांनी धुराचा वास घेतला आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "आग नही शे. बाळंतीण शे." सगळ्यांना खाली पिटाळलं, तवा बाल्कनीत नेऊन ठेवला. मग बाटली उचलून मला पाठ करून बसवलं. त्यांचा खरखरीत तळवा त्या कोरड्या जागेवर टेकला आणि मी हमसून हमसून रडले. माई बाळ उठेपर्यंत चोळत राहिल्या.

संध्याकाळी आईचा फोन. पाठीला लावलं? लावलं, मी म्हटलं. माझा आवाज आज वेगळा लागला असावा, आईने विचारलं,

"कोनी लावलं?"

इतक्या दिवसांत हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. आपला हात आपल्या पाठीला पुरत नाही, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. रोज माझं खोटं 'हो' ती मुकाट्याने ऐकून घेत होती. मी माईंबद्दल सांगितलं. पलीकडे गाय हंबरली. मग आई म्हणाली, "त्यांला दोन लाडू नेऊन दे." आणि रडू फुटलंच तिला. "मला यायला पायजे व्हतं गं."

डब्यात शेवटचे दोनच होते. ते मी माईंना दिले.

आता बाळ रांगतंय. माई सटाण्याला गेल्या, की पाठ पुन्हा कोरडी राहते. आई अजूनही विचारते, लावलं का. हल्ली मी सांगते, नाही गं आई, आज कुणी नव्हतं. जिथे असं 'नाही' म्हणता येतं, ते माझं घर.